बारा दिवसांचं दान

मल्हारगंज, इंदूर
बुधवार, २० नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप सुमनआत्यास,
संहिताचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान गेले आणि माझं अक्षर सुधारलं, असं मी ऑफिसात सांगते तेव्हा लोकांना काही उमगत नाही. मोबाईलवर टाइप केलेलं तू वाचत नाहीस, कारण म्हणे त्यात माणसाचा हात दिसत नाही. बरं बाई. हा घे हात. आता हे पत्र मंडलेश्वरला पोचायला चार दिवस घेईल. मी स्वतः बसमध्ये बसले तर दुपारच्या जेवणाला तुझ्याकडे.

आणि बसणारच आहे. बारा दिवसांची रजा साठली आहे, पक्की. दोन वर्षं मी एक सुट्टी मारली नाही, तापसुद्धा रविवारी काढला. तेरा जानेवारीला निघते, मधले शनिवार-रविवार धरून अठ्ठावीसपर्यंत तुझी. तीसला मुकुलदादा तुला आपल्या नागपूरच्या घरी घेऊन जाणार आणि घाटावरच्या त्या दोन खोल्या घरमालकाच्या ताब्यात जाणार. आई गेल्यावर बाबांच्या बदल्यांच्या चक्करमध्ये मी सात वर्षं त्या खोल्यांत वाढले. पुन्हा त्या खिडकीत बसायला मिळणार नाही. सामान बांधायला मदत वगैरे आहेच, पण खरं सांगू, मला काहीच करायचं नाही आहे. सकाळी धुकं नदीवरून उठताना बघायचं, बस.

आमच्या विम्याच्या ऑफिसात सध्या एक मोहीम निघाली आहे, एक दिन साथी के नाम. आपली साठलेली रजा अडचणीतल्या सहकाऱ्याला दान द्यायची. पाण्याच्या मशीनशेजारी देवळातल्यासारखी पितळी घंटी टांगली आहे. दिली रजा की वाजवायची. मग सगळा मजला हातातलं काम टाकून टाळ्या वाजवतो आणि आमचे एचआरवाले परेशजी फोटो काढतात. रजा कोणासाठी ते गुप्त आहे, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मागच्या रांगेत प्रेमलताजी बसतात, त्यांच्या यजमानांना ऑक्टोबरात लकवा मारला. मला वाईट वाटतं गं. मी त्यांचे क्लेम माझ्याकडे ओढून घेते, डब्यातली भाजी देते. पण हे बारा दिवस तुझे आहेत, ते कसे देऊ?

काल स्वप्न पडलं. नर्मदा आमच्या ऑफिसात आली होती, गुडघाभर. कोणी उठलं नाही. सगळे पाय वर घेऊन टाइप करत होते आणि पाण्यातून घंटी हळूहळू वाहत गेली.

औषध घे. लोभ नदीएवढा नको, तांब्याभर पुरे, पण रोजचा असू दे.

तुझी,
संहिता


मंडलेश्वर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. संहितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. वेलांटी अजून घाईत देतेस.

टेबल मुकुलने गेल्या वर्षीच्या खेपेला विकून टाकलं, म्हणून हे बाजाच्या पेटीवर कागद ठेवून लिहिते आहे. गेलं वर्षभर हीच माझी मेज. डाव्या कोपऱ्यावर दौतीचं गोल वर्तुळ उमटलं आहे, पुसता पुसत नाही. या पेटीचं काय करायचं तोच एक घोर आहे. मुकुल म्हणतो भंगारात दे. देववत नाही. असो.

आता तुझी गोष्ट. रागावू नकोस, पण मला तुझं म्हणणं काही पटलं नाही. घरात माणूस आडवं पडलंय त्या बाईच्या, आणि तू खिडकीत बसायला बारा दिवस राखून ठेवतेस? देऊन टाक. देणाऱ्याचा हात वर असतो, हे मी मुलींना तीस वर्षं सांगत आले. आमच्या शाळेत कुठलाही निधी निघाला की शिक्षकांची यादी शंभर टक्के झाल्याशिवाय मी सोडत नसे. जिल्ह्यात नाव होतं. पहिल्यांदा लोक कुरकुरतात, मग त्यांनाच बरं वाटतं.

माझी काळजी करू नकोस. सामान बांधायला गडी मिळतो. नदी काय, ती मी नागपूरला गेले म्हणून आटायची नाही. आता ऐकू येत नाही तर ती मला जास्तच जवळ आल्यासारखी वाटते, पहाटे उशाशी असते. तू पुढे कधी एखाद्या रविवारी येऊन घाटावरून बघ आणि मला कळव.

कळावे, लोभ असावा, हे मुलींकडून शंभरदा लिहून घेतलं आहे. त्यातलंच एक तुझ्यासाठी.

तुझी आत्या,
सुमन


मल्हारगंज, इंदूर
९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वाजवली घंटी. बाराही दिवस दिले.

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर चाळीसमधले एकोणचाळीस जण देऊन मोकळे झाले होते. शंभर टक्के झालं की सगळ्यांना पोहे-जलेबी असं परेशजींनी जाहीर केलेलं. तुला माहीत आहे, इंदूरच्या माणसाचं काहीही अडवावं, पोहे अडवू नयेत. भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवी नावं आणि त्यात एकटं माझं राखाडी. कोणी वाईट बोललं नाही. सगळे हसून बोलायचे, तेच जास्त लागायचं. लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरचे एक भिया म्हणाले की जलेबी थंडी हो रही है मैडम. परेशजींनी केबिनमध्ये बोलावून अगदी गोडीत विचारलं की घरात काही फंक्शन आहे का, लग्न, ऑपरेशन. मी सांगितलं की आत्या जागा सोडते आहे. ते म्हणाले, शिफ्टिंगला पॅकर्स मिळतात, नंबर देऊ का. पुढे काय सांगणार? धुकं बघायचं आहे असं सांगितलं असतं तर ते एचआरच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात बसलं असतं?

आणि तुझं पत्र पर्समध्ये होतं. तू म्हणालीस दे, म्हणून दिले. घंटीचा आवाज बराच वेळ हातात राहिला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला, त्यात माझे डोळे मिटलेले आले आहेत. फक्त प्रेमलताजींनी मान वर केली नाही. मला वाटलं होतं निदान त्या बघतील.

तर मी येत नाही. पोहे चांगले होते, मी खाल्ले नाहीत. रात्री रडले, तू काही विचारायच्या आत सांगून टाकते. तुझ्यावर राग नाही, आहे थोडा. खिडकीखालच्या तिसऱ्या पायरीवर मी खिळ्याने माझं नाव कोरलं होतं, ते अजून आहे का एवढं बघून ठेव.

राग धरून लोभ कसा मागायचा ते तू शिकवलं नाहीस, म्हणून नुसतीच,
संहिता


मंडलेश्वर
१५ डिसेंबर २०२४

चि. संहितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. नाव पायरीवर आहे. पाणी उतरलं आहे, म्हणून खाली जाऊन हात फिरवून आले.

बाळा, मागचं पत्र तुला तुझ्या आत्याने नाही, मोठ्या बाईंनी लिहिलं होतं. त्या बाईंबद्दल तुला एक गोष्ट सांगायला हवी. आजवर कोणालाच सांगितलेली नाही.

मी नवीनच मुख्याध्यापिका झाले होते, तू जन्मायच्या पुष्कळ आधी. खालच्या गावांत पूर आला आणि शाळाशाळांतून निधी निघाला. रोज प्रार्थनेनंतर मी देणाऱ्या शिक्षकांची नावं वाचायची आणि मुली टाळ्या वाजवायच्या. चित्रकलेचे वासुदेवराव तेवढे राहिले होते. त्यांच्या नावापाशी आले की मी थांबायची, घोटभर पाणी प्यायची आणि पुढचं नाव घ्यायची. असं सलग चार दिवस. मला वाटायचं, काय युक्ती काढली आहे. त्यांना एकदाही बाजूला बोलावून विचारलं नाही की मास्तर, काय अडचण आहे.

पाचव्या दिवशी ते स्वतःची बाजाची पेटी खांद्यावर घेऊन आले. व्यासपीठावर ठेवली आणि यादीत लिहून घ्या म्हणाले. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. ती विकून पैसे पाठवायचं ठरलं, पण कोणी घेतली नाही. पुरातल्या माणसांना तिचा एक पैसाही गेला नाही. पडून राहिली शाळेतच.

हे गृहस्थ रोज संध्याकाळी घाटावर पेटी घेऊन बसायचे. मी वर खिडकीत वह्या तपासायची आणि सूर पाण्यावरून वर यायचे. त्या दिवसापासून घाट गप्प झाला. मी पेटी परत देऊ शकले असते. पण दिलेलं दान परत करायचं नसतं असा माझा नियम, आणि चुकले म्हणायची ताकद नव्हती. वर्षभरात ते बदली करून घेऊन गेले. शाळेने पेटी निकालात काढली तेव्हा मी गुपचूप विकत घेतली. तुला वाटायचं आत्याला गाण्याची हौस. त्याच पेटीवर कागद ठेवून मी तुला लिहिलं की देऊन टाक.

आता कानांत सगळीकडे सारखीच शांतता आहे, तरी ती संध्याकाळ वेगळी ओळखू येते.

तू ये म्हणायचा मला हक्क नाही. पण तुझी वाट बघत होते, हे मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. मानभावीपणामुळे ते लिहिलं नाही. फार वाट बघत होते.

लोभ मागत नाही, माफी मागते.

तुझी,
आत्या


मल्हारगंज, इंदूर
३० डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं एकच वाक्य डोक्यात बसलं, की बाजूला बोलावून विचारलं नाही. आम्ही चाळीस जणांनी घंटी वाजवली आणि प्रेमलताजींना कोणी काही विचारलंच नव्हतं. मग काल, रविवारी, पाव किलो शेव घेऊन त्यांच्या घरी गेले. भंवरकुआंला कोचिंगवाल्या मुलांच्या होस्टेलखाली दोन खोल्या आहेत. दार उघडलं तेव्हा त्या उभ्या उभ्या झोपेत होत्या. पाच मिनिटं यांच्याजवळ बसाल का, असं म्हणाल्या आणि खाटेवर टेकल्या. पाच मिनिटांच्या ठिकाणी त्या पाच तास झोपल्या.

मी त्यांच्या यजमानांजवळ, श्रीहरीभाऊंजवळ बसले. ते आधी सिटी बस चालवायचे. बोलता येत नाही, डावा हात हलतो. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन भिंतीवर पडतो, तो ते दिवसभर बघतात. मीही बघू लागले. चौकोन कॅलेंडरपाशी आला की ते बोट उचलतात, बसस्टॉप आल्यासारखं. मग घड्याळ, मग देवाचा फोटो, मग कपाटाचं हँडल. वर मुलं पाठांतर करत होती, तेही नदीसारखं एका लयीत येत होतं. आत्या, मला खरंच वाटलं मी तुझ्या खिडकीत आहे. मध्ये एकदा आम्हा दोघांचीही डुलकी लागली आणि एक स्टॉप चुकला. ते हसले.

प्रेमलताजी उठल्या तेव्हा आधी शरमल्या, मग सगळं बोलल्या. त्यांनी रजा मागितलीच नव्हती. यजमानांना सांभाळणारी दिवसाची मावशी साडेपाचला जाते, म्हणून त्यांना आठ ते पाच अशी वेळ हवी होती, सातऐवजी पाचला सुटायला. त्यात पगार कमी होत नाही, काम कमी होत नाही. पण वेळ बदलणं पॉलिसीत नाही आणि घंटीत फोटो चांगला येतो. आता त्यांच्या नावावर महिने न् महिने रजा जमली आहे, जानेवारीपासून घरी बसा म्हणतात, आणि त्यांच्या खुर्चीवर नवी मुलगी बसणार आहे. परत यायला खुर्ची राहील का, या भीतीने त्यांना रात्री डोळा लागत नाही. नको म्हणायची सोय नाही, चाळीस लोकांचे उपकार आहेत. आणि सगळ्यांत जास्त माझ्याच घंटीने त्यांना लाज वाटली, कारण तुझ्या नदीबद्दल मी डबा खाताना त्यांना सांगितलं होतं. म्हणून मान वर केली नव्हती.

मी तुझी गोष्ट सांगितली, पेटीची. विचारल्याशिवाय सांगितली, रागावू नकोस.  त्यांनी एवढंच विचारलं की ती पेटी आता कुठे आहे.

६ जानेवारी. पत्र अर्धवट राहिलं ते बरं झालं.

शुक्रवारी नव्या वर्षाचा कार्यक्रम होता. प्रेमलताजींना धन्यवाद द्यायला पुढे बोलावलं, परेशजी व्हिडिओ काढत होते. त्यांनी मनापासून धन्यवाद दिले, प्रत्येकाचं नाव घेऊन. मग चालत पाण्याच्या मशीनपाशी गेल्या आणि घंटी वाजवली. म्हणाल्या, मलाही दान करायचं आहे. पर्समधून फॉर्म काढले, रीतसर भरलेले. नियमात लिहिलंच आहे, कोणीही कोणालाही रजा देऊ शकतो. पहिला फॉर्म माझा होता, बारा दिवस. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं की हिची आत्या नदीकाठचं घर सोडते आहे. मग बाकी सगळ्यांचे दिवस ज्याचे त्याला. शेवटी सांगितलं की मला फक्त पाच वाजता सुटायचं आहे.

 आधी टाळी वाजवली ती कँटीनच्या रामभाऊंनी, किटली खाली ठेवून. मग सगळ्यांनीच. परेशजींचा मोबाईल तसाच वर धरलेला होता, त्यांना तो खाली घेता येईना. आठ ते पाच मंजूर झालं, मार्चपर्यंत बघू म्हणाले. माणूस वाईट नाही. लिफ्टमध्ये मला म्हणाले की वरून शंभर टक्क्यांचा हिशोब मागतात, आणि ते स्वतः देवासला आईकडे दिवाळीपासून गेले नाहीत. मी म्हटलं, मग घंटी वाजवा ना.

तेराला दुपारी जेवायला आहे. आमटी चिंचेची कर. राग संपला, लोभ सुरू कर.

तुझी,
संहिता


नागपूर
५ फेब्रुवारी २०२५

चि. संहितास,
अनेक आशीर्वाद.

मुकुलने मला चांगलं सागवानी टेबल दिलं आहे. त्यावर अक्षर फार सरळ येतं, माझं वाटतच नाही.

ते दिवस मी रोज एकेक करून आठवते. सातवा दिवस सगळ्यांत चांगला, आपण काहीच केलं नव्हतं. धुकं दहापर्यंत होतं आणि नावाड्याचं नुसतं डोकं दिसत होतं, नाव दिसतच नव्हती. त्या संध्याकाळी तू पेटीच्या पट्ट्या दाबत बसलीस आणि मी वर पालथा हात ठेवला. बोटांना मुंग्या आल्या, कोपरापर्यंत गेल्या. तू खुणेने सांगितलंस दोन पट्ट्या मुक्या आहेत. मला बोटांनी कळलं होतं.

पेटी तू घेऊन गेलीस, पण पत्रात तिचं नाव काढत नाहीस. वासुदेवराव बेटम्याला मुलीकडे असतात हे तूच शोधून काढलंस. इंदूरहून बेटमा ते काय लांब. तुला वेळ नसेल तर राहू दे. नाही, राहू देऊ नकोस. मला भीती वाटते एवढंच. ते दारातून परत पाठवतील, आणि तो त्यांचा हक्क आहे. माझी चूक झाली, हे माझ्या शब्दांत सांग, गोड करून सांगू नकोस.

ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही. इथे नदी नाही, पोस्टमनची वाट बघते.

लोभाचं तू बघ. मला पत्र हवं.

तुझी आत्या,
सुमन


बेटमा
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वासुदेवरावांच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. परत पाठवलं नाही.

त्यांची मुलगी अबोलीताई, तिने दार उघडलं. ते आत खुर्चीत होते, कानटोपी घालून. वय चौऱ्याऐंशी, नजर चांगली आहे. मी कोणाची कोण ते सांगितलं, तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, पेटीकडे बघत राहिले. मी पुसून आणली होती तरी त्यांनी पंच्याने पुन्हा पुसली. डाव्या कोपऱ्यावरच्या दौतीच्या वर्तुळावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, बाई वर्षभर यावर पत्रं लिहायच्या. मग तुझा निरोप सांगितला, तुझ्याच शब्दांत, गोड न करता.

 चहा निवला. मग त्यांनी सांगितलं की त्या पुराच्या वर्षी थोडे पैसे बाजूला टाकले होते, याच पेटीचा भाता फाटला होता तो दुरुस्त करायला. पुरात लोक घरं गमावून बसलेले, आणि आपण पेटीसाठी पैसे राखतो, हे कारण त्यांना फार लहान वाटलं. भर प्रार्थनेत सांगायला लाज वाटली. विचारलं असतं तरी कदाचित सांगितलं नसतं, असंही म्हणाले. म्हणून पेटीच देऊन टाकली. ते भात्याचे पैसेही नंतर खर्चून गेले, कशात ते आठवत नाही.

मग बाई कशा आहेत म्हणून विचारलं. तुला ऐकू येत नाही हे सांगितल्यावर मात्र त्यांचे डोळे भरले. माझेही. पेटी पुढ्यात ओढून घेतली, भात्याला मी चिकटपट्टी लावलेली बघून हसले. मला म्हणाले, बाई जिथे कागद ठेवत तिथेच ठेव आणि लिहीत राहा, काहीही लिही, थांबू नकोस.

आत्या, आता ते वाजवत आहेत आणि मी पेटीवर कागद ठेवून लिहिते आहे. इथून खाली माझं अक्षर हललेलं दिसेल, ते घाईने नाही. जिथे वेलांटी लांब गेली आहे तिथे त्यांनी भाता जोरात दाबला. जिथे मी जागा कोरी सोडली आहे तिथे त्या दोन मुक्या पट्ट्या आल्या. संध्याकाळ झाली आहे. अबोलीताई दिवा लावायचं विसरून दारात उभी आहे. ते थांबत नाहीत, म्हणून मीही थांबत नाही, कागद संपेल तिथे थांबेन.

डोळ्यांनी वाचू नकोस. कागद सागवानी टेबलावर पसर आणि जिथून अक्षर हललं आहे तिथून खाली पालथा हात फिरव.

तुझी,
संहिता